उसाच्या पानावरचा तांबेरा यंत्राला शिकवताना

विद्यार्थी मित्रांनो, नमस्कार.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की पुराची इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेलं की धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. समजा, 39 फूट झाले की भोंगा वाजेल असं यंत्र आपण तिथं बसवलं. ही कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, झाली का? नाही. नियम माणसानं ठरवला, यंत्रानं तो फक्त पाळला. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेसुद्धा आपोआप उघडतात, पण ते पाण्याच्या दाबानं. आपोआप चालणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

आता दुसरं यंत्र घ्या. त्याला मागच्या अनेक पावसाळ्यांचे आकडे दिले: गगनबावड्यात आणि राधानगरीत किती मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर बंधाऱ्यावर पाणी किती चढलं. किती पावसाला किती फूट, हा मेळ त्यानं त्या आकड्यांतून स्वतः लावला. याला म्हणायचं शिकणं. आज एआय म्हणून जे ऐकता, त्यातलं बहुतेक याच जातीचं आहे. नाव मात्र जुनं आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 साली एका परिषदेच्या प्रस्तावात ते वापरलं आणि 1956 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात ती परिषद भरली.

पण हे ऐकून कळत नाही, करून कळतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट असेल तर गूगलचं टीचेबल मशीन उघडा, म्हणजे फोटो दाखवून यंत्राला शिकवायची वेबसाइट. ते मोफत आहे आणि प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. आपण त्याला उसाचं निरोगी पान आणि तांबेरा रोग पडलेलं पान यातला फरक शिकवू.

आधी पानं गोळा करा, प्रत्येक प्रकारची 20. इथं घाई नको. तांबेऱ्याच्या पानावर खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या असतात आणि बोट घासलं की भुकटी लागते. उसावर तपकिरी ठिपक्यांचा वेगळा रोगही येतो, त्यात अशी भुकटी लागत नाही. ती पानं चुकून तांबेऱ्याच्या गठ्ठ्यात गेली, तर यंत्र तुमची चूकच इमानानं शिकेल. म्हणून घरातल्या जाणत्या शेतकऱ्याकडून गठ्ठे तपासून घ्या, मग हात धुवा.

दोन्ही गठ्ठ्यांतली पाच-पाच पानं बाजूला काढून ठेवा. ती परीक्षेसाठी, यंत्राला आधी दाखवायची नाहीत. उरलेल्या 15 पानांचे प्रत्येकी सहा फोटो काढा, म्हणजे एका प्रकारचे 90 झाले. हे यंत्र फोटो चौकोनी कापतं आणि 224 गुणिले 224 ठिपक्यांचा (पिक्सेलचा) करतं. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एका फोटोचे 1,50,528 आकडे. यंत्राला दिसतात ते हेच. अख्खं लांब पान फोटोत घ्याल तर टोकं कापली जातील आणि पुटकुळ्या ठिपक्यांत विरून जातील. म्हणून पानाचा वीतभर भाग जवळून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती उजेडाची. निरोगी पानांचे फोटो उन्हात काढले आणि तांबेऱ्याचे व्हरांड्यात, तर यंत्र ऊन-सावलीच शिकतं. मग सावलीतलं धडधाकट पान दाखवलं तरी ते ‘तांबेरा’ म्हणतं. त्यात यंत्राचा दोष नाही. दोन गठ्ठ्यांत सगळ्यात ठळक फरक उजेडाचाच होता, तो त्यानं उचलला. तेव्हा दोन्ही प्रकार उन्हातही घ्या, सावलीतही घ्या, हातात धरून घ्या आणि फरशीवर ठेवूनही घ्या.

निरोगी आणि तांबेरा हे यंत्रातले दोन वर्ग, म्हणजे फोटोंचे गट, झाले. तिसरा वर्ग ‘यातलं काही नाही’ असा करा. त्यात चप्पल, वही, आंब्याचं पान, रिकामी फरशी, काहीही घाला. दोनच वर्ग ठेवलेत तर यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणायची सोयच नसते. चप्पल दाखवली तरी ते दोहोंपैकी एक उत्तर देतं, आणि कधी कधी ‘99 टक्के तांबेरा’ असं ठासून सांगतं. हे टक्के फक्त यंत्राला दिलेल्या वर्गांत वाटलेले असतात. उत्तर बरोबर असण्याची हमी म्हणून ते घेऊ नका.

आता ‘ट्रेन मॉडेल’चं बटण दाबा आणि पूर्ण होईपर्यंत तो टॅब सोडू नका. तिथं ‘इपॉक’ 50 दिसेल, म्हणजे सगळी उजळणी 50 वेळा. आकडा फार वाढवलात तर घोकंपट्टी होते: दाखवलेले फोटो तोंडपाठ, नवं पान आलं की गडबड. कॅमेऱ्याचं बटण दाबून धरून पटापट फोटो घेतले तरी हेच होतं, कारण ते सगळे फोटो जवळपास एकच असतात.

मग बाजूला ठेवलेली दहा पानं काढा. वहीत रकाने आखा: खरं काय, यंत्र काय म्हणालं, उजेड कसा होता. चुका दोन जातींच्या असतील. निरोगी पानाला तांबेरा म्हटलं तर औषध वाया जाईल. तांबेऱ्याला निरोगी म्हटलं तर रोग शेतभर पसरेल. म्हणून ‘दहापैकी आठ बरोबर’ एवढंच लिहून थांबू नका, चुकलेली दोन कोणत्या जातीची तेही लिहा.

मोबाइलवर गप्पा मारणारे एआय प्रोग्रॅम याच नात्यातले. ते प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज शिकलेले असतात. त्यामुळे वाक्य सफाईदार असतं, पण साल, नाव, आकडा चुकीचा असू शकतो. आपल्या गावाबद्दल विचारलंत, तर उत्तर गावातल्या माणसाकडून आणि पुस्तकातून पडताळा.

प्रयोगात माणसांचे चेहरे वापरू नका, पानं भरपूर आहेत. ज्या पानांवर यंत्र चुकलं, तशी आणखी दहा शेतातून आणा, फोटो वाढवा आणि पुन्हा शिकवा. परीक्षेची पानं मात्र या वेळी नवी घ्या, कारण जुन्या पानांच्या चुका बघूनच तुम्ही फोटो वाढवलेत.