रिबन ट्वीटर घेताना पेटीही का तपासावी?

नमस्कार. महागड्या लाउडस्पीकरच्या दालनात रिबन ट्वीटरचे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या पट्टीच्या स्पीकरचे, कौतुक भरपूर ऐकायला मिळते. कॅबिनेटविषयी, म्हणजे स्पीकरच्या पेटीविषयी, मात्र पॉलिश आणि लाकडाच्या रंगापलीकडे कोणी फारसे बोलत नाही. माझे मत असे की, रिबन जितकी चांगली, तितकी पेटीची पारख अधिक कडक असावी.

(ट्वीटर कॅमेऱ्याजवळ धरून) या उभ्या फटीत आडव्या चुण्या पाडलेली जी चकचकीत पट्टी दिसते, तीच रिबन. डोम ट्वीटरमध्ये वीज तारेच्या वेटोळ्यातून वाहते आणि ते वेटोळे घुमटाला ढकलते; येथे वीज थेट पट्टीतूनच जाते आणि दोन्ही बाजूंच्या चुंबकांमुळे अख्खी पट्टी एकदम हलते. 10 मायक्रॉन जाड, 1 सेंमी रुंद आणि 10 सेंमी लांब असा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख धरला, तर त्याचे वजन जेमतेम 27 मिलिग्रॅम भरते. इतकी हलकी वस्तू लवकर हलते आणि लवकर थांबते, म्हणून तानपुऱ्याची जवारी किंवा झांजेचा झणत्कार तिच्यावर सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो.

याच पट्टीचा विद्युतरोध मात्र 0.03 ओहमच्याही खाली असतो. अ‍ॅम्प्लिफायरला हा जवळजवळ शॉर्टसर्किटच वाटेल, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर वाहक पट्टे चिकटवलेल्या प्लॅनर ट्वीटरला त्याची गरज नसते. बाजारात दोन्ही ‘रिबन’ म्हणूनच विकले जातात, तेव्हा विचारून घ्यावे.

आता बसण्याच्या उंचीचा प्रश्न. 10 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 34 मिमी, म्हणजे पट्टीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे आवाज आडवा छान पसरतो, पण वर-खाली त्याचा झोत अरुंद राहतो. अडीच मीटरवर बसलेला श्रोता उठून उभा राहिला, तर या वारंवारितेला सहा-सात डेसिबलची घट सहज पडते. दोष म्हणा हवे तर. छतावरून येणारे परावर्तन त्यामुळेच कमी होते, आणि मला तो सौदा मान्य आहे.

वारंवारिता निम्मी केली की तेवढ्याच आवाजासाठी हालचाल चौपट लागते, आणि रिबनला तेवढी मोकळीक नसते. म्हणून लहान रिबन बहुधा 3 किलोहर्ट्झच्या आसपास काम हाती घेते. गायकाच्या आवाजातला मूळ स्वर आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक हे सारे त्याखालचे, म्हणजे वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या स्पीकरचे) आणि पर्यायाने पेटीचे काम. मिरजेच्या कारागिराला तानपुऱ्याचा भोपळा बोलका हवा असतो. स्पीकरच्या पेटीने मात्र तोंड मिटून बसायचे असते.

ते सोपे नाही. 1 मीटर उंच आणि 30 सेंमी खोल पेटीची एकच बाजू 3000 चौ. सेंमी भरते, साडेसहा इंची वूफरच्या शंकूचे क्षेत्रफळ साधारण 135 चौ. सेंमी. बाजू किंचित जरी थरथरली, तरी ती स्वतःच एक मोठा, ढिला स्पीकर होते. मग वरचे स्वर चटकन थांबतात, खालचे रेंगाळतात, आणि एकच गायक दोन ठिकाणांहून गातो आहे असे वाटू लागते. सौम्य डोमबरोबर हे काहीसे झाकले जाते, रिबनबरोबर उघडे पडते.

यावर दोन घराणी आहेत. बीबीसीच्या अभियंत्यांनी पातळ बर्च प्लायवूड घेऊन आतून डांबरी थर लावले, म्हणजे अनुनाद (ज्या ठरावीक स्वराला फळी आपसूक थरथरते तो) खाली सरकतो आणि लवकर विरतो. त्यांच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरची (स्टुडिओत ऐकण्याच्या स्पीकरची) पेटी 12 मिमी प्लायवूडचीच आहे. दुसरे घराणे ताठरपणाचे. स्वित्झर्लंडची पिएगा कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांसाठी ओळखली जाते, तर बी अँड डब्ल्यू या ब्रिटिश कंपनीने आत उभ्या-आडव्या फळ्यांची जाळी बसवली. लांबट फळीला मध्यावर भक्कम टेका दिला की तिची मोकळी रुंदी निम्मी होते आणि अनुनाद सुमारे चौपट वर जातो. निव्वळ जाड एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर) भिस्त ठेवणे मला पटत नाही. वजन वाढते, रोग तोच राहतो.

एक बारकावा राहिला. रिबनच्या मागे स्वतंत्र बंद कप्पा हवाच. वूफरच्या हवेचा दाब तिच्यापर्यंत पोहोचला, तर तो वर्ख जागचा हलेल. त्याच कारणाने तिच्यावर फुंकर मारू नये, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नये.

ऐकायला जाल तेव्हा एखादा भारदस्त पुरुषी आवाज लावून तळहात पेटीच्या बाजूवर, वूफरच्या उंचीला ठेवा. ठरावीक स्वरालाच हाताखाली ती जोरात थरथरत असेल, तर ट्वीटरची चर्चा तेथेच थांबवून दुसरी जोडी मागवावी.