ग्रिनेलला जाऊन पुढे काय होणार?

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा. पानं वाढायला अजून थोडा अवकाश आहे. तोवर कमिटीने मला बोलायला सांगितलंय. सध्या माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय, तेव्हा त्यावरच बोलते.

आय-८० महामार्गाने आयोवातल्या डेस मॉइन्सकडे जाताना ग्रिनेलची पाटी लागते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल आणि गाडी तशीच पुढे दामटली असेल. आजूबाजूला मक्याची शेतं आणि मधे छोटंसं गाव. त्या गावात एक कॉलेज आहे. १८४६ साली डॅव्हनपोर्टला स्थापन झालं, पुढे ग्रिनेलला हललं. सतराशेच्या आसपास विद्यार्थी. तिथे इंजिनिअरिंगची डिग्री नाही, मेडिकल नाही, बिझनेस स्कूल नाही. निखळ लिबरल आर्ट्स, म्हणजे विज्ञान, साहित्य, इतिहास, कला असं सगळं मिळून शिकायचं. माझ्या मुलीला तिथे प्रवेश मिळालाय, आणि १ मेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

यावरून आमच्या घरी चांगलंच वाजलं. माझे सासरे सध्या इथे आलेत. त्यांनी सरळ विचारलं, "एवढा पैसा ओतून ही पुढे होणार काय?" त्यावर हिच्या बाबांनी आकडे मांडले, मी मधे पडले, आवाज चढले. मुलगी शांतपणे म्हणाली, "आबा, चार वर्षांनी मी कोण असेन हे मला आजच सांगता येत असेल, तर मग मी तिथे जाऊ कशाला?"

ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसांची माहिती काढायला बसले, आणि रात्र कशी सरली ते कळलं नाही.

रॉबर्ट नॉइस हे नाव या हॉलमधल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असणार. अनेकांची घरं त्याच्या कामावर चालतात. १९६८ साली गॉर्डन मूरबरोबर ज्याने इंटेल ही चिप बनवणारी कंपनी काढली, तो. वडील काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चचे पाद्री, मुलगा ग्रिनेलमध्येच वाढला आणि तिथल्याच कॉलेजात गणित आणि फिजिक्स शिकला. शिकत असताना मेजवानीसाठी मित्राबरोबर शेजारच्या शेतातून डुकराचं पिल्लू चोरलं. आयोवात हा गंभीर गुन्हा! त्याचं शिक्षण तिथेच संपलं असतं. पण फिजिक्सचे प्राध्यापक ग्रँट गेल त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि प्रकरण एका सत्राच्या निलंबनावर निभावलं. याच गेल सरांनी ट्रान्झिस्टरचा शोध जाहीर झाल्याबरोबर बेल लॅबकडून माहिती मिळवून तो विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवला. मोठमोठ्या विद्यापीठांत त्याची नीट ओळखही झालेली नव्हती, तेव्हा मक्याच्या शेतांमधल्या या कॉलेजात एक मुलगा त्याने झपाटून गेला होता. तोच मुलगा पोहण्याच्या संघात सूर मारायचा, ओबो वाजवायचा, नाटकात काम करायचा. १९४९ ला पदवी, मग एमआयटीत पीएचडी, आणि १९५९ साली सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अख्खं सर्किट. पुढे इंटेल उभी राहताना त्यात सुरुवातीलाच पैसे घालणाऱ्यांत हे कॉलेजही होतं. आज तिथल्या मुलांना ज्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्यामागे तेही पैसे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा शेवटी टेक्नॉलॉजीतलाच. ठीक आहे, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक घ्या. आपल्या शिकागोचा मुलगा, अकरा वर्षांचा असताना शिकागो सिंफनीबरोबर मोझार्ट वाजवलेला. तो ग्रिनेलला गेला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगकडे वळायचं म्हणून, आणि बाहेर पडला संगीत घेऊन. १९६३ ला माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये पियानोवर बसला. त्याचं विज्ञानही वाया गेलं नाही. सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आले तेव्हा बुजणाऱ्या वादकांत तो नव्हता, त्यातल्या तारा कुठून कुठे जातात हे त्याला समजत होतं.

टॉमस चेक १९७० च्या बॅचचे. पेशीतला आरएनए हा रेणू नुसता निरोप पोहोचवत नाही, रासायनिक क्रियाही घडवून आणतो, हे त्यांनी दाखवलं आणि १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल सिडनी ऑल्टमन यांच्याबरोबर मिळवलं. आपल्या आत्मवृत्तात ते लिहितात की कॉलेजात असताना होमर, दान्ते आणि घटनेचा इतिहास यांत केमिस्ट्रीइतकाच आनंद मिळाला. नोबेल मिळालेला केमिस्ट हे सांगतो! आणि आपण नववीतल्या मुलाच्या हातात कादंबरी दिसली की म्हणतो, एसएटीचं, प्रवेशपरीक्षेचं पुस्तक कुठंय?

हॅरी हॉपकिन्स १९१२ चा. न्यूयॉर्कला जाऊन गरीब वस्त्यांत समाजकार्य करू लागला आणि मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा उजवा हात झाला. त्याने सुरू केलेल्या योजनेतून १९३५ ते १९४३ या काळात सुमारे ८५ लाख लोकांच्या हाताला काम मिळालं. रस्ते, पूल, शाळा, आणि नाटकंसुद्धा. बेकार नटांनाही पोट असतं असं तो ठामपणे म्हणायचा. त्या नाट्यप्रकल्पाची धुरा त्याने सोपवली हॅली फ्लॅनगनकडे. ती १९११ ची, त्याच कॉलेजातली.

जोसेफ वेल्च १९१४ चा, वकील झाला. ९ जून १९५४ ला देशभरचे लोक टीव्हीसमोर बसलेले असताना त्याने, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला विचारलं, तुम्हाला काही चाड उरली आहे की नाही? तिथून मॅकार्थीचा दरारा ओसरत गेला. सेन कातायामा जपानमधून आला, भांडी घासून शिकला, १८९२ ला पदवी घेतली, पुढे मायदेशी परतला आणि जपानच्या कामगार चळवळीचा पुढारी झाला. त्याच्या अस्थी मॉस्कोला क्रेमलिनच्या भिंतीत आहेत. जॉन गरांग दक्षिण सुदानचा अनाथ मुलगा. इथे अर्थशास्त्र शिकला, १९६९ ला पदवी घेतली. पुढे दोन दशकं बंडखोर सेना चालवली, जानेवारी २००५ मध्ये शांतता करारावर सही केली, जुलैत सुदानचा उपराष्ट्रपती झाला आणि त्याच महिन्यात हेलिकॉप्टर अपघातात गेला.

यातल्या एकाच्याही आबांना "हा पुढे होणार काय" याचं उत्तर आधी देता आलं नसतं.

मागच्या महिन्यात आम्ही मायलेकी कॉलेज बघून आलो. कॅम्पसच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. मालगाडी आली की फाटक पडतं आणि पोरं दोन्ही बाजूंना खोळंबतात. आम्हाला फिरवणारा मुलगा बायॉलॉजी आणि रशियन एकत्र शिकणारा. गाडी जाईपर्यंत त्याने मुलीला विचारलं, "तू सध्या काय वाचतेस?" या वर्षभरात तिला हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. आपल्या पॉटलकच्या जेवणांत तिला जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी विचारली गेली, कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षा किती झाल्या ते विचारलं गेलं, कोडिंग येतं का तेही विचारलं गेलं.

रागावू नका, पण आपल्या गुणगौरव कार्यक्रमाबद्दल थोडं बोलते. स्टेजवर कॉलेजांची नावं वाचली जातात. काही नावांना शिट्ट्या पडतात, काहींना टाळ्या, आणि काही नावांना टाळ्यांच्या आधी एक छोटासा थांबा येतो. तो थांबा त्या मुलाला नक्की ऐकू जातो. डॉ. लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून रंगभूमी धरली, हे आपण याच स्टेजवर भरल्या गळ्याने सांगतो. इरावतीबाई फर्ग्युसनला तत्त्वज्ञान शिकल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, याचा अभिमान बाळगतो. मग आपल्याच पोरीने इतिहास घेतला की छातीत धस्स का व्हावं?

अजून एक गोष्ट मला आबांना सांगता आली. हे कॉलेज ज्या काँग्रिगेशनल लोकांनी उभं केलं, त्यांच्याच पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला काम मांडलं. तिथल्या मिशनरी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. आबा नगरचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "ते झालं. पण फी किती?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. राहण्या-जेवणासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातं. कॉलेज घरची गरज बघून मदत करतं, आणि त्या मदतीत आता कर्ज धरत नाही, अनुदान देतं. ज्याच्या घरी खरंच नाही, त्याचं तिथे भलं होतं. दोन पगार असलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला मात्र फारसं येत नाही. आणि मी सांगितलेली नावं ही निवडक नावं आहेत. त्यांच्याबरोबर शिकलेली बाकीची मुलं शिक्षक झाली, ग्रंथपाल झाली, कुणी गावातच दुकान चालवलं. मला ती आयुष्यंही चांगलीच वाटतात. पण आबांना हे पटवून देणं कठीण आहे, आणि घराचे हप्ते भरणाऱ्या हिच्या बाबांना तर त्याहून कठीण.

माझी मुलगी इथे जन्मली. तिला हवं ते शिकायची मोकळीक आहे. पण या हॉलमध्ये अशी मुलं बसली आहेत जी तिसऱ्या-चौथ्या वर्षी आईबाबांबरोबर आली आणि अजून एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत. एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, आणि शिकून झाल्यावर सायन्स-इंजिनिअरिंगवाल्याला कामासाठी तीन वर्षं मिळतात, इतिहासवाल्याला एकच. अशा एका मुलाची आई परवा मराठी शाळेबाहेर मला भेटली. त्याला नाटक शिकायचंय आणि त्याने अर्ज भरलाय कॉम्प्युटर सायन्सचा. ती म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीचं वाक्य छान आहे हो. पण माझ्या मुलाला तसं म्हणता येईल का?"

मी तिला अजून काही उत्तर देऊ शकलेले नाही. इथे इमिग्रेशनचं काम करणारे दोघे-तिघे आहेत, शाळांमध्ये समुपदेशन करणाऱ्या आपल्या दोन मैत्रिणी आहेत. जेवताना तिच्या टेबलाशी बसाल का? श्रीखंड तिथेच वाढायला सांगते.