शेंगा काढल्या, पाल्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

गोकुळाष्टमी जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गात शेवग्याच्या पाल्याला एकदम भाव येतो. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोबत शेगलाची भाजी. शेगूल म्हणजे आमचा मालवणी शेवगा. अष्टमी सरली की पाला पुन्हा बकरीचा. आपण शेंगा तेवढ्या काढतो, आमटीत घालतो नि झाडाला विसरतो.

2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आत्ता तुम्ही आणि शेजारीण रेडिओपाशी बसला असाल, तर दोघींपैकी एक त्यातली धरा. आणि परसात हे झाड उभं! पाल्यात लोह आहे, क जीवनसत्त्व आहे. कॅल्शियम तर वजनाला वजन धरलं तर गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त.

म्हणून लगेच पावडरचा डबा आणायला धावू नका. पावडरवाल्यांनी शेवग्याला पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. भाजी ही भाजीच, औषध नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील त्या चालूच ठेवायच्या. रक्त पातळ करायची गोळी असेल, तर रोज पालेभाजी सुरू करण्याआधी त्यांना विचारा. पाल्यातलं के जीवनसत्त्व काही गोळ्यांच्या आड येतं.

खरं दुखणं म्हणजे पाला निवडायचा कंटाळा. इवलीइवली पानं, तास जातो. त्यावर एक युक्ती आहे. संध्याकाळी डहाळ्या तोडा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळा आणि रात्रभर तशाच ठेवा. सकाळी गुंडाळी सोडून झटकली की बरीचशी पानं आपसूक गळतात. काड्या वेगळ्या, पाला वेगळा. पाला आधी धुवायचा, मग चिरायचा, नाहीतर क जीवनसत्त्व मोरीत जातं. लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. तेल-खोबऱ्याला हात आखडू नका, पाल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध लागतं. पानात वाढल्यावर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोहाच्या आड येतो. हे आमच्याकडे कुणाला पटत नाही, मलाही पाळायला जड जातं.

झाड लावणं त्या मानानं सोपं. मनगटाएवढी जाड, तीनेक हात लांब फांदी घ्या. कापलेलं टोक दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि पावसाच्या तोंडावर रोवा. पाणी साचेल अशी जागा नको, बूड कुजतं. छातीइतकं वाढलं की शेंडा छाटा, म्हणजे फुटवे फुटतात आणि पाला हाताशी राहतो. गच्चीत मोठा ड्रम असला तरी पाल्यापुरतं भागतं. पावसाळ्यात मात्र खोडावर केसाळ सुरवंटांचा थवा बसतो. हात लावू नका, खाज सुटते. खराट्यानं साबणाच्या पाण्यात पाडायचे.

सासूबाई म्हणायच्या, "झाड व्हया तर मागीलदारी लाय गो, दारात नको." मला ती अंधश्रद्धा वाटायची. मी हट्टानं पायरीजवळच लावलं. चौथ्या वर्षी वादळात मोठी फांदी कडकन मोडली आणि पडवीची चार कौलं घेऊन खाली आली. शेवग्याचं लाकूड काकडीसारखं ठिसूळ, हे तेव्हा कळलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कोयता आणला, पडलेल्या फांदीचे तीन तुकडे केले. एक मागीलदारी रोवला आणि दोन शेजारी धाडले.

नमस्कार.