लॅम्पार्ड, लातूर आणि 11 मॅचेस

(दृश्य: लातूरचा ट्युशन एरिया, संध्याकाळ. क्लास सुटलाय. पाठीवर बॅगा, हातात मेसचे डबे.)

8 एप्रिल 2023, शनिवार. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई सुरू होतंय आणि अजिंक्य रहाणे आज 27 चेंडूंत 61 ठोकणार आहे. मेसमधला टीव्ही, पानटपरीवरचा मोबाईल, अभ्यासिकेच्या जिन्यात दाटीवाटीनं बसलेली पोरं, सगळ्यांचं लक्ष तिकडंच. आत्ता लातुरात कुणी दुसराच कुठला खेळ बघत बसलंय असं सांगितलं, तर लोक म्हणतील, बरं आहे ना त्याचं?

औसा रोडच्या मागच्या गल्लीत, एका भाड्याच्या खोलीत, एका लॅपटॉपपुढं सहा-सात जण बसलेत. नीटची तयारी करणारी पोरं आहेत. फिजिक्स शिकवणारे एक सर आहेत. दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून आलेला एक मेडिकलवाला आहे. मॅच फुटबॉलची, इंग्लंडातली, वुल्व्ह्ज विरुद्ध चेल्सी. चेल्सीचे दिवस फिरलेत. त्यामुळं आज बघायचं ते मैदानात नाहीच, मैदानाच्या कडेला आहे. तिथं चेल्सीचा नवा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, फ्रँक लॅम्पार्ड उभा आहे.

(दृश्य: भिंतीवर कोपरे उडालेलं जुनं निळं पोस्टर. त्याच्या शेजारी आवर्त सारणी.)

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 2001 साली वेस्ट हॅममधून चेल्सीत आला, 13 वर्षं खेळला, 211 गोल केले. मिडफिल्डर असून क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल याचे. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडातली सगळ्यात वरची लीग, तीनदा जिंकली. 2012 साली म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्या मैदानावर, चेल्सीनं पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. त्या रात्री नेहमीचा कॅप्टन जॉन टेरीवर बंदी होती आणि कॅप्टनचा पट्टा लॅम्पार्डच्या दंडावर. मेडिकलवाला तेव्हा बी. फार्मसीला होता. शेवटची पेनल्टी आत गेली तेव्हा हॉस्टेलची खुर्ची मोडली, असं तो सांगतो. खुर्चीचे पैसे भरायचे राहिलेत, हे त्याचा मित्र सांगतो.

असा माणूस बुडती नाव सावरायला परत आलाय. खोलीत दोन तट पडणारच.

नाव बुडाली कशी, ते फार लांबण लावण्यासारखं नाही. 2022 साली मालक बदलले. अब्रामोविच गेले, टॉड बोली आणि क्लिअरलेक आले. खेळाडूंवर बेसुमार पैसा उधळला. एकट्या एन्झो फर्नांडेसवर 10 कोटी पौंडांहून जास्त. सप्टेंबरात मॅनेजर थॉमस टुखेलला घरी पाठवलं, 2 एप्रिलला ग्रॅहम पॉटरला. आणि 6 एप्रिलला लॅम्पार्डला बोलावलं, हंगाम संपेपर्यंत.

मेडिकलवाल्याचं म्हणणं साधं होतं. "घरचा माणूस आहे. तो ड्रेसिंग रूममध्ये शिरला की पोरं सरळ उभी राहतील."

सर म्हणाले, "उभी राहतील हो. पण पळायचं कुठं ते कोण सांगणार?"

(दृश्य: रस्त्यावर क्लासेसचे फ्लेक्स. फोटो, रँक, फोटो, रँक.)

मग सरांनी जे सांगितलं ते लातुरात मोठ्यानं बोलायला हिंमत लागते. "ऑल इंडिया रँकवाला आणून वर्गात उभा करा. प्रॉब्लेम पाच ओळींत सोडवून दाखवेल. पण पोरगं तिसऱ्या ओळीला का अडलं, हे त्याला कळायचं नाही. कारण तो तिथं कधी अडलेलाच नसतो."

मेडिकलवाला काही बोलायच्या आत मागून एक पोरगं बोललं. निलंगा तालुक्यातलं, अकरावी-बारावीला इथं आलेलं. "सर, काय बोलायलात? आमच्याकडं रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार होते की. 1969 चे महाराष्ट्र केसरी. नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनीच पैलवान घडवले. ते काय खेळले नव्हते?"

सर जरा गप्प झाले. खरं तर हा मुद्दा जड आहे, कारण लाल मातीत मोठा पैलवान वस्ताद होणं ही रीतच आहे. पण तालमीत राहिलेल्या कुणालाही विचारा, वस्तादकी एका दिवसात गळ्यात पडत नाही. पैलवान स्वतः लढत असतो तेव्हाच धाकट्या पोरांना अंगावर घेऊन खेळवत असतो. डाव कुठं फसतो, पोरगं कुठं घाबरतं, हे त्याला लंगोट सोडायच्या आधीच माहीत झालेलं असतं. सरांनी शेवटी तिथंच बोट ठेवलं. "चालेल. पण मग लॅम्पार्डनं पोरं कुठं खेळवली, ते सांगा."

(दृश्य: लॅपटॉपवर मॅच. बफरिंगचं गोल चक्र.)

आमच्या मते भांडण इथं सुरू व्हायला हवं होतं. मोठा खेळाडू मोठा मॅनेजर होतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी रात्रभर नावं फेकता येतात. जमलं त्यांच्यात झिदान घ्या, फसलं त्यांच्यात पिर्लो घ्या. पण झिदान रेआल माद्रिदच्या मोठ्या संघाकडं आला तो त्यांच्या कास्तिया या दुय्यम संघाला शिकवून. ग्वार्डिओलानं आधी एक हंगाम बार्सिलोनाचा ब संघ सांभाळला. शाबी अलोन्सो तीन वर्षं रेआल सोसिएदादच्या ब संघात राबला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्यानं लेव्हरकुसेन हाती घेतलं तेव्हा क्लब सतराव्या नंबरवर होता. 2023-24 ला त्यानं जर्मन लीग एकही मॅच न हरता जिंकून दिली. पिर्लोला मात्र 2020 साली युव्हेंटसनं आधी 23 वर्षांखालचा संघ दिला आणि दहा दिवसांच्या आत, त्या पोरांना एकही मॅच खेळवायच्या आधी, थेट मोठा संघ. नऊ वर्षं सलग चाललेलं इटालियन लीगचं विजेतेपद त्या हंगामात गेलं.

आणि ॲलन शियरर. न्यूकॅसलसाठी 206 गोल, त्या शहराचं दैवतच. 2009 च्या एप्रिलमध्ये क्लब गाळात रुतलेला असताना शेवटच्या 8 मॅचसाठी त्याला आणलं. मॅनेजर म्हणून पहिलीच नोकरी. 24 पैकी 5 गुण मिळाले आणि क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला.

लॅम्पार्डची उमेदवारी म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमधल्या डर्बी क्लबचा मॅनेजर म्हणून एक हंगाम. वेम्बलीवर प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीची, फायनल हरला आणि 2019 च्या जुलैत चेल्सीनं उचलला. फिफाची बंदी असल्यानं खेळाडू विकत घेता येत नव्हते, एडन हॅझार्ड निघून गेला होता. पहिल्याच लीग मॅचला ओल्ड ट्रॅफर्डवर 4-0 मार खाल्ला. तरी त्यानं मेसन माउंट, रीस जेम्स, टॅमी एब्रहॅम अशी घरची पोरं खेळवली आणि चौथा नंबर काढला. हातात पैसा नव्हता तेव्हा त्याचं काम सगळ्यात चांगलं झालं, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावं. पैसा आला, नवे खेळाडू आले, आणि जानेवारी 2021 मध्ये नवव्या नंबरवर असताना त्याला काढलं. चार महिन्यांनी त्याच संघानं टुखेलच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग जिंकली. माउंटचा पास, हावर्ट्झचा गोल. एक लॅम्पार्डनं पुढं आणलेला, दुसरा त्याच्या काळात आलेला. मेडिकलवाला हे अजून विसरलेला नाही, विसरणारही नाही.

पुढं एव्हर्टन क्लब. पहिल्या हंगामात कसाबसा तगवला, दुसऱ्या हंगामात तळापाशी अडकला आणि नोकरी गेली, जानेवारी 2023. तिथून अडीच महिन्यांत तो पुन्हा चेल्सीच्या दारात.

(दृश्य: रात्रीचे साडेबारा. मेडिकलवाला शटर ओढतोय.)

वुल्व्ह्जनं 1-0 नं हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदनं तिकडं 2-0, इकडंही 2-0. ब्रायटन, ब्रेंटफर्ड, आर्सेनल. सलग सहा पराभव. खोलीतली गर्दी पातळ होत गेली. ती सगळी लॅम्पार्डमुळं नव्हे, नीट तोंडावर आली होती.

6 मेला चेल्सी बोर्नमथविरुद्ध 3-1 नं जिंकलं. लॅम्पार्डच्या 11 मॅचमधला हा एकमेव विजय, आणि दुसऱ्या दिवशी, 7 मेला, नीट! लातुरात नीटच्या आदल्या संध्याकाळी मॅच लावणं म्हणजे घरच्यांना फोन जाण्याचं निमित्त. एका पोरानं तरी अर्धी बघितली. मार्क किती पडले ते आम्ही विचारलं. त्यानं दुसरा विषय काढला.

शेवटचा हिशेब असा: एक जिंकली, दोन बरोबरीत, आठ हरल्या. चेल्सी बारावं.

मेडिकलवाला म्हणतो, तो संघ कुणाच्याच हाताला लागला नसता. तीसेक खेळाडू, कुणाला बसवायचं हाच रोजचा तंटा, वर मालकांना फुटबॉलची घाई. त्यात तथ्य आहे. पण मग ज्याच्यावर आपला एवढा जीव, त्याला अशा आगीत ढकलताना आपण टाळ्या का वाजवल्या, याचं उत्तर त्याच्याकडं नाही. आमच्याकडंही नाही, कॅमेरा धरणारा आमचा पोरगासुद्धा त्या दिवशी निळा शर्ट घालून फिरत होता.

(दृश्य: मेडिकलचं काउंटर. मोबाईलवर गुणतक्ता.)

2024 च्या नोव्हेंबरात लॅम्पार्ड कॉव्हेंट्रीला गेला. तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सतराव्या नंबरवर असलेला क्लब. हंगाम संपला तेव्हा तो पाचवा होता. प्ले-ऑफमध्ये संडरलँडकडून हरला, ते वेगळं. मेडिकलवाल्यानं गुणतक्त्याचा स्क्रीनशॉट सरांना पाठवला.

सरांनी लिहिलं, "दुसऱ्या डिव्हिजनचा आहे हा."

"शिकायला जागा पाहिजे म्हणून तुम्हीच भांडत होता की, सर."

सरांचा क्लास चालू होता. उत्तर दोन तासांनी आलं. "मग राहू द्या की तिथंच अजून दोन वर्षं."