बंकर नसलेलं मैदान

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय 'अ‍ॅशडाउनची अठरा होल्स'. सांगतो, पण आधी बंकरचं, म्हणजे गोल्फच्या मैदानावर मुद्दाम खणलेल्या वाळूच्या खड्ड्यांचं, बोलू द्या. त्याशिवाय त्या होल्सची गंमत कळायची नाही.

इंग्लंडात ससेक्समध्ये फॉरेस्ट रो नावाचं गाव आहे. तिथला रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्ट गोल्फ क्लब 1888 चा. दोन कोर्स आहेत, जुना आणि वेस्ट, आणि दोन्हींवर मिळून एकही बंकर नाही. का नाही? तो सगळा माळ गावकऱ्यांच्या सामायिक हक्काचा. गुरं चारायचा, सरपणाचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यावरून जमीनदाराशी कोर्टकचेऱ्या झाल्या, 1885 च्या कायद्याने माळावर राखण करणारं मंडळ आलं. गोल्फवाले आले ते त्यानंतर, आणि माळाचं रूप बदलायची मुभा त्यांना मिळाली नाही. वाळूचे खड्डे खणायचेच नाहीत, विषय संपला.

ही बंदी म्हणजे त्या मैदानाचं भाग्य, असं माझं ठाम मत आहे. नावात फॉरेस्ट असलं तरी बराचसा भाग उघडा, उंचसखल माळ. हेदरची खुरटी झुडपं, गॉर्सची काटेरी झुडपं, नेचे. ऑगस्टमध्ये हेदर फुललं की उतारच्या उतार जांभळे. पण चेंडू त्यात गेला की बघा! तारेसारख्या चिवट काड्या क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, मानेला वेढा घालतात, क्लबचं तोंड मिटतं आणि एवढा जोर लावून चेंडू जातो चार हात. बंकरमधून सराव असलेला माणूस सहज सुटतो. हेदरमधून सुटायला आधी हट्ट सोडावा लागतो.

आता एब मिचेलबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म 1887, याच भागातला. इथल्या कष्टकरी खेळाडूंचा वेगळा क्लब होता, कँटेलूप, आणि मिचेल त्यातला. हा गडी 1912 मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर जॉन बॉल, त्या काळचा दिग्गज. छत्तीस होल्स बरोबरीत! अडतिसाव्याला मिचेल हरला. पुढे व्यावसायिक झाला, ज्याच्या नावाने रायडर कप आहे त्या सॅम्युअल रायडरचा शिक्षक झाला. 1927 च्या पहिल्या रायडर कपला, म्हणजे अमेरिकेविरुद्धच्या सांघिक लढतीला, ब्रिटनचा कप्तान म्हणून जायचा, तर अपेंडिक्सने गाठलं आणि बोट त्याच्याविना अमेरिकेला गेली. पण त्या करंडकाच्या टोकावर जी सोन्याची छोटी मूर्ती आहे ना, ती मिचेलची. जगातले मोठमोठे खेळाडू जो करंडक उचलतात, त्याच्या शेंड्यावर या माळावर घडलेला माणूस उभा आहे. हे मी भेटेल त्याला सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग जुन्या कोर्सची होल्स धावतच घेऊ.

सहावं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला आयलंड म्हणतात, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, जेमतेम सव्वाशे यार्ड. चेंडू जिथे पोहोचवायचा त्या हिरवळीभोवती ओढा आणि चर. अंतर बघून सोपं वाटतं, पण आखूड पडलात तर पाणी, वाकडे गेलात तर पाणी. बाराव्याला लांबलचक पार पाच, उतारावरून. चौदाव्याला पुन्हा पार तीन, मध्ये हेदरचा पट्टा, अधलंमधलं काही चालत नाही. सगळीकडे अडथळा जमिनीनेच दिलाय: उतार, ओहोळ, हेदर.

आणि दर? सनिंगडेलसारख्या नामांकित मैदानावर एका फेरीचे दोनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. त्या मानाने इथे खूप कमी, शेजारचा वेस्ट कोर्स आणखी स्वस्त. तरी मोठ्या याद्यांमध्ये हे मैदान मागे राहतं, कारण यादी करणारे फोटो बघतात आणि फोटोत पांढरी वाळू उठून दिसते. हा अन्याय आहे. लंडनला जाताना गॅटविक विमानतळावर उतरलात, तर तिथून हे मैदान जवळ. जा, आणि आधी जुना कोर्स खेळा. उरलेली होल्स चहाच्या वेळी सांगतो, नकाशा आणलाय.