उणे १९६ अंशांवरचं क्राऊन-पिनियन

[दृश्य: ट्रकचा उघडलेला मागचा एक्सल. तेलाने काळं पडलेलं क्राऊन व्हील आणि त्याच्या दातांत अडकलेलं पिनियन.]

ट्रक चढाला लागला की इंजिनाची सगळी ताकद शेवटी या दोन गिअरांवर येते. इंजिनाकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीत असतो, एक्सल आडवा. फिरण्याची दिशा काटकोनात वळवायचं काम क्राऊन-पिनियनचं. इथे दात दातावरून नुसता लोळत नाही, घासतही जातो. म्हणून दाताचा पृष्ठभाग कडक लागतो आणि गाभा चिवट. गाभाही कडक केला, तर एका खड्ड्यात दात तुटून तेलात पडायचा.

आपल्याकडे या गिअरांसाठी वापरतात त्यांतलं एक पोलाद म्हणजे ईएन ३५३. निकेल, क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम, आणि कार्बन जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा कार्बनवर पृष्ठभाग हवा तेवढा कडक होत नाही. म्हणून गिअर ९०० अंशांच्या वर तापवून कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. कार्बन कातडीतून आत मुरतो, साधारण मिलिमीटरभर. मग गिअर तेलात बुडवायचा. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये याला केस हार्डनिंग म्हणतात. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा यातली शेवटची पायरी त्याच्याही हातून घडत असते: लाल होईपर्यंत तापवायचं आणि झटक्यात थंड करायचं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद. गडद सुयांचं जाळं, मधेमधे पांढुरके डाग.]

या गडद सुया म्हणजे मार्टेन्साइट, पोलादाचं सगळ्यांत कडक रूप. तापलेल्या पोलादाची रचना वेगळी असते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यात कार्बन आरामात सामावतो. झटक्यात थंड केलं की त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. अणूंची जाळी ताणली जाते आणि ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं.

पण खरी मेख इथेच आहे. हा बदल एका ठरावीक तापमानाला सुरू होतो आणि त्याच्या बऱ्याच खाली पूर्ण होतो. कार्बन जितका जास्त, तितकी ही दोन्ही तापमानं खाली सरकतात. दाताच्या कातडीत आपणच कार्बन ०.८ टक्क्यांपर्यंत नेलेला असतो, आणि तिथे हा बदल पूर्ण व्हायला शून्याच्याही खाली जावं लागतं. हार्डनिंगचं तेल तर कोमट. म्हणजे गिअर बाहेर काढला तेव्हा काम अर्धवटच राहिलेलं असतं. ते पांढुरके डाग म्हणजे हा उरलेला ऑस्टेनाइट.

दातावर कानस फिरवा, घसरेल. वरवर सगळं ठीक. पण उरलेला ऑस्टेनाइट मऊ असतो, आणि भरवशाचाही नसतो. गाडी चालू असताना दाबाखाली त्यातला काही भाग मार्टेन्साइट होतो आणि तेवढ्या जागी आकारमान सुमारे ४ टक्के फुगतं. मायक्रॉनमध्ये जुळवलेल्या दातांना हे परवडत नाही. शिवाय असं उशिरा जन्मलेलं मार्टेन्साइट टेंपरिंगमधून, म्हणजे हार्डनिंगनंतर बेताने तापवून ठिसूळपणा कमी करण्याच्या पायरीतून, गेलेलं नसतं, त्यामुळे ते ठिसूळ.

[दृश्य: स्टेनलेस स्टीलची उभी टाकी. झाकण उघडताच पांढरी वाफ कडांवरून खाली ओघळते.]

मग उपाय सरळ आहे. गिअर आणखी थंड करायचा.

नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. पोलंडमधल्या क्राकोव्हमध्ये व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी १८८३ मध्ये तो पहिल्यांदा द्रवरूपात आणला. आज तो टँकरने येतो आणि हवेतूनच काढलेला असल्यामुळे तुटवडा नसतो. गिअर त्यात धाडकन बुडवत मात्र नाहीत. तसं केलं तर बाहेरची कातडी आतल्या गाभ्याआधी आकसते आणि तडा जातो. टाकीत नायट्रोजनची वाफ सोडून मिनिटाला अंशभर अशा संथ गतीने तापमान उतरवतात. नुसतं तळाला पोचायलाच तीन-चार तास. मग तिथे मुक्काम, आणि तितकंच सावकाश वर येणं. शेवटी दीडशे अंशांच्या आसपास टेंपरिंग, कारण नवं मार्टेन्साइट टेंपर न करता गाडीत बसवणं म्हणजे दात तोडायची तयारी.

एका लीटर द्रवाचा सुमारे ७०० लीटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो प्राणवायूला हुसकावतो. म्हणून शॉपमध्ये टाकीशेजारी ऑक्सिजन मोजणारा अलार्म नसेल, तर तिथे गिअर देण्याआधी आपणच बाहेर पडलेलं बरं.

[दृश्य: आलेख. तीन पट्ट्या, उतरत्या क्रमाने.]

ईएन ३५३वर चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी तीन गट केले. पहिला नेहमीच्या हार्डनिंगचा. दुसरा उणे ८० अंशांवर ५ तास ठेवलेला. तिसरा उणे १९६ अंशांवर २४ तास. उरलेला ऑस्टेनाइट पहिल्यात २८ टक्के निघाला, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १४. झीजही त्याच क्रमाने कमी होत गेली.

आता एक कोडं. मार्टेन्साइट किती बनेल हे मुख्यतः किती खाली नेलं यावर ठरतं, किती वेळ ठेवलं यावर नाही. मग २४ तास कशाला? १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी क्रोमियमच्या एका टूल स्टीलमध्ये (हत्यारं बनवायच्या पोलादात) कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, अतिसूक्ष्म कण शोधले आणि झीज कमी होण्याचं श्रेय ऑस्टेनाइटपेक्षा या कणांना दिलं. दीर्घ थंडीत जाळी आकसते, कार्बनचे अणू किंचित सरकून गोळा होतात आणि टेंपरिंगच्या वेळी त्यांचे बारीक कण बनतात, असं हे स्पष्टीकरण. इतक्या थंडीत कार्बन सरकतोच कसा, यावर वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत रंजक भाग हाच. अशी थंडी देणाऱ्या शॉपच्या जाहिरातींत मात्र तो एका वाक्यात उरकलेला असतो.

जाहिराती भरपूर आहेत. रेसिंगच्या जगात गिअर, व्हॉल्व्ह स्प्रिंग, क्रँकशाफ्ट, पिस्टन, ब्रेक डिस्क, सगळंच टाकीत जातं. पण अमेरिकेत लुइझियाना टेकच्या रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये १९ धातूंच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा टूल स्टीलला चांगला फायदा दिसला, तर साध्या कार्बन स्टीलला आणि बिडाला काहीच नाही. क्रँकशाफ्टच्या पोलादात कार्बन बहुधा ०.४ टक्क्यांच्या आसपास. तिथे तेलातच बहुतेक काम उरकतं, मागे फारसं काही राहत नाही. ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये तर मार्टेन्साइट बनतच नाही, मग तो पूर्ण कसला करायचा? बिडाच्या ब्रेक डिस्कची गोष्ट जरा अवघड आहे. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाच्या २०११ मधल्या चाचण्यांत झीज कमी झाली, पण कडकपणात किंवा सूक्ष्मदर्शकाखालच्या रचनेत लक्षणीय फरक सापडला नाही. कुठे थोडी, कुठे खूप, असा निकालही पसरट. त्यावर पैसे लावायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी अजून थांबलो असतो.

[दृश्य: फिरणारा नमुना, वाकवणारा भार. अचानक तुकडा पडतो.]

आणि ज्यांना खोल थंडी म्हणजे रामबाण वाटते, त्यांच्यासाठी अण्णा विद्यापीठाचीच आणखी एक चाचणी आहे, २००९ ची. या वेळी ईएन ३५३चे नमुने घासले नाहीत, वाकवत फिरवले, म्हणजे धातूचा थकवा मोजला: वारंवार वाकून तो किती टिकतो. उणे ८० च्या गटाचं आयुष्य वाढलं. उणे १९६ च्या गटाचं मात्र नेहमीच्या हार्डनिंगपेक्षाही घटलं. झीज रोखण्यात जो पहिला, तोच वाकणं सोसण्यात शेवटचा. मऊ ऑस्टेनाइट भेगेच्या टोकाशी थोडा दबतो, ताण झेलतो. तो फार कमी केला की ही सोयही जाते. म्हणून टाकीत घालण्याआधी जुना गिअर हातात घेऊन बघायचं: दात झिजून पातळ झालाय, की मुळाशी तुटलाय? मुळाशी तुटला असेल, तर आधी लोड, अलाइनमेंट आणि तेल तपासा.

[दृश्य: काउंटरवर नवा गिअर, खोक्यातून अर्धा बाहेर.]

दुकानातून आणलेला नवा गिअर सरळ टाकीत टाकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हार्डनिंगनंतर पोलाद नेहमीच्या तापमानाला पडून राहिलं की उरलेला ऑस्टेनाइट हळूहळू स्थिरावतो. टेंपरिंग झालं की आणखीच. मग तो थंडीला तितकासा दाद देत नाही. म्हणून गिअर बनवणारे कारखाने ही पायरी हार्डनिंगला लागूनच, टेंपरिंगच्या आधी घेतात. खोक्यातला गिअर तेल, टेंपरिंग, ग्राइंडिंग सगळं उरकून आलेला असतो. तरीही द्यायचाच असेल, तर शॉपवाल्याकडे तापमानाचा चार्ट मागा. टाकीतल्या वाफेचा नको, जॉबला, म्हणजे गिअरलाच, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून घेतलेला. आणि उतार किती मिनिटांचा होता, तेही त्याच कागदावर पाहून घ्या.