जीपखालचा पुठ्ठा

[दृश्य: पहाट. ठाण्याची वागळे इस्टेट. अर्धवट उघडलेलं शटर. जीपखाली अंथरलेला पुठ्ठा, त्यावर तेलाचे दोन डाग.]

हा पुठ्ठा काल रात्री कोरा होता. बाबांच्या जीपखाली आम्ही वर्षानुवर्षं असाच पुठ्ठा अंथरतोय, आणि रोज सकाळी त्याच दोन जागी डाग उमटतात. बोटाला लावून वास घेतला की गंधकाचा उग्र दर्प येतो. म्हणजे इंजिनचं नाही, गिअर ऑइल. एक डाग गिअरबॉक्सखाली, दुसरा हँडब्रेकच्या ड्रमखाली.

"जुनी जीप आहे, गळणारच." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की खरं वाटायला लागलं होतं. मग गेल्या पावसाळ्यात येऊरच्या चढावर हँडब्रेक ओढून उभी केलेली जीप हळूच मागे सरकली. मागे बाबा उभे होते. मी अजून सीटवरच होतो म्हणून ब्रेकवर पाय पडला. त्या दिवसानंतर मला ते वाक्य ऐकवत नाही.

[दृश्य: जीपचं उंच बॉनेट. कॅमेरा हळूहळू खाली, चाकांच्या पातळीला.]

ही महिंद्रची सीजे-थ्री-बी. विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत यायला लागले १९४० च्या दशकाच्या शेवटी. हे मॉडेल अमेरिकेत निघालं १९५३ ला, आणि पुढे आपल्याकडे ते कित्येक वर्षं बनत राहिलं. बॉनेट एवढं उंच का, तर हवा आत घेणारे व्हॉल्व्ह इंजिनच्या डोक्यावर आले आणि इंजिनची उंची वाढली. लोक फोटो काढतात ते या बॉनेटचे. आपल्याला मात्र जायचंय फ्लोअरच्या खाली.

तिथे तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आहे आणि त्याच्या पाठीला बोल्टने जोडलेला स्पायसर १८ ट्रान्स्फर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या हाउसिंगला, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलना, वाटून द्यायची, आणि चिखलात लो गिअर द्यायचा, हे याचं काम. हँडब्रेक चाकांवर नाही, याच केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. त्या शाफ्टचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गळलं की तेल थेट ड्रममध्ये जातं. येऊरला जीप सरकली ती म्हणूनच.

[दृश्य: मिस्त्रीकाका जीपखाली. फक्त पाय दिसतात.]

खोलायच्या आधी काकांनी चारही चाकांना दगड लावले. "प्रोपेलर शाफ्ट सुटला की हिला हँडब्रेकच नाही, लक्षात ठेव," ते म्हणाले. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे केसमधून चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा. मागचा काढला की ड्रमचा चाकांशी संबंधच उरत नाही. जुन्या जीपखाली जाणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

मग फ्लोअरचा पत्रा, गिअरचे दांडे, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची केबल, क्लचचा लिंकेज. दोन्ही पेट्यांचं तेल वेगवेगळ्या डब्यांत काढलं. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक दिला, कारण गिअरबॉक्स पेलणारा आडवा मेंबर सुटला की इंजिनचं शेपूट खाली येतं.

बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाचे, बोल्ट सुटल्यावर दोन्ही पेट्या एकत्रच मागे घ्यायच्या असतात. इथे घाई नको. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ रेषेत बाहेर यायला हवा. सगळं वजन त्या शाफ्टवर लोंबकळलं तर क्लच प्लेट वाकते. काका एका हाताने जॅक खाली घेत होते, दुसऱ्याने केस धरून होते. मी फक्त "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे" म्हणत होतो.

[दृश्य: बाकावर दोन्ही पेट्या. मागचं गोल झाकण उघडलेलं.]

या दोन पेट्या वेगळ्या करताना बरेच जण अडकतात. बाहेरचे सगळे बोल्ट काढले तरी त्या सुटत नाहीत, कारण गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट केसच्या आत येतो आणि त्यावर एक गिअर नटने बसवलेला असतो. मागचं गोल झाकण काढा, कॉटर पिन काढा, नट सोडवा, गिअर ओढा. मगच पेट्या अलग होतात. न बघता टॉमी घालून उचकटलं तर केसचा कान तुटतो.

डिझेलने धुतल्यावर खरी गोष्ट दिसायला लागली. हे सील आधी तीनदा बदललेलं. प्रत्येक वेळी नवीन सील, नवीन पॅकिंग, वर सिलिकॉनचा थर. आणि प्रत्येक वेळी काही महिन्यांत पुन्हा डाग.

शाफ्टच्या टोकाला जो तुकडा प्रोपेलर शाफ्टला जोडतो, तो योक. काकांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. सीलची कड वर्षानुवर्षं जिथे घासली, तिथे लोखंडात खाच पडली होती. अशा खाचेवर नवं सील कितीही चांगलं असलं तरी टिकत नाही.

मग केसचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, काढला. बोटाएवढी वस्तू, चिखलाने पूर्ण बुजलेली. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती तेलाला सीलमधून ढकलते.

तिसरं कारण मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. मागच्या टोपणाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. त्यांच्यावर शाफ्टची पुढे-मागे हालचाल ठरते. ती चार ते आठ थाउ हवी. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. डायल गेज लावलं, तर वीस थाउ. कुणीतरी शिम न मोजता जाड पॅकिंग कोंबलं होतं. शाफ्ट डुलत होता आणि प्रत्येक नवं सील मारत होता. बाबांनी तिन्ही वेळा पैसे मोजले होते, ते सीलचे. मोजमापाला दहा मिनिटंही कुणी दिली नव्हती.

[दृश्य: लेथ. फिरणारा योक, उडणारा कीस.]

योक घेऊन आम्ही चार शटर सोडून टर्नरकडे गेलो. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. मोठे कारखाने बरेच गेले, पण असे लेथ अजून फिरतात. टर्नरने योकवर पातळ स्लीव्ह बसवून दिली. सीलला पुन्हा गुळगुळीत जागा मिळाली.

[दृश्य: ग्रीसने माखलेली बोटं, सुईसारखे रोलर.]

जोडणीला आणखी एक दिवस गेला. मधल्या गिअरच्या पोटातले सुईसारखे रोलर ग्रीसने चिकटवायचे, आणि शाफ्ट आत सरकवताना बाजूचा वॉशर पडू द्यायचा नाही. तो दोनदा पडला. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, कडेला थोडं ऑइल, आणि सपाट लाकडावर हलके ठोके. ज्या बोल्टचं भोक केसच्या आत उघडतं, त्याच्या आट्यांना सीलंट. योकच्या खाचांतून नटाखालून तेल झिरपतं, म्हणून तिथेही. आणि शिम एकेक मोजत, गेजचा काटा सहा थाउवर येईपर्यंत.

दोन्ही पेट्यांत ९० नंबरचं तेल भरलं, जीएल-४. जीएल-५ घेतलं नाही. त्यातली जास्तीची रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या, पितळी रिंगांना खाऊ शकतात. हँडब्रेकला नवे शू घातले, कारण तेल प्यायलेला शू धुऊन पुन्हा धरत नाही.

[दृश्य: येऊरचा चढ. जीप उभी. बाबा मागे.]

बाबांनी स्वतः हँडब्रेक ओढला, उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. मी नको म्हणत होतो. जीप हलली नाही.

[दृश्य: पुन्हा पहाट. शटर वर जातं. नवा पुठ्ठा.]

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या दोन्ही जागा कोरड्या होत्या. पुढे, रेडिएटरच्या मागे, एक थेंब होता. काकांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"गंधक नाही," ते म्हणाले. "इंजिनचं आहे. टायमिंग कव्हर बघू."

आणि पाना घेऊन खाली वाकले.